टाके सारखे, पथ्य वेगळं

देवळाली प्रवरेहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. दुपारची जेवणं उरकली असतील, भांडी निथळत असतील, धारेला अजून तास-दीड तास आहे. तेवढ्या वेळात आज आमच्याच गटातली एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात चूकही आमचीच आहे. ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत त्या दोघींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव घेऊ नका, पण सांगा मात्र. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये."

या दोघी सख्ख्या जावा. थोरली पंचेचाळिशीची, धाकटी छत्तीस वर्षांची. चूल एक, गोठा एक, गटातही दोघी एकाच वर्षी आल्या. योगायोग असा, की दोघींची पोटाची ऑपरेशनं दोन महिन्यांच्या अंतरानं झाली. दिवाळीनंतर थोरलीचं पित्ताशय काढलं. संक्रांतीनंतर धाकटीचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही दुर्बिणीतून. घरी आल्यावर दोघींच्या पोटाकडे बघितलं तर सारखंच दिसायचं. चार-पाच छोट्या पट्ट्या, त्याखाली बोटाच्या पेराएवढ्या जखमा. आम्ही त्या पट्ट्या बघितल्या आणि ठरवून टाकलं की दुखणंही सारखंच, आरामही सारखाच आणि बरं व्हायला दिवसही सारखेच. तिथेच आमचं चुकलं.

आधी थोरलीचं सांगतो. तिला दोन वर्षं पोटात दुखायचं. लग्नातलं तेलकट जेवण झालं, की रात्री उजव्या बाजूला बरगडीखाली कळ यायची. कळ पाठीत जायची, कधी उजव्या खांद्याकडे, आणि मळमळ सुटायची. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी "पित्त झालं" म्हणतात आणि पित्ताशयात खडे झाले तरी "पित्ताचा त्रास" म्हणतात. शब्द एकच असल्यामुळे थोरली दोन वर्षं सोडा पीत राहिली, कोकमाचं पाणी पीत राहिली. नंतर सोनोग्राफीत खडे दिसले, तर शेजारच्या मावशींनी पानफुटीची पानं आणून दिली आणि कुळथाचं कढण सांगितलं. मैत्रिणींनो, मुतखडा वेगळा आणि पित्ताशयातला खडा वेगळा. बारीक मुतखडा लघवीवाटे पडतो. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी काही संबंधच नाही, तिथला खडा लघवीतून पडणार कसा? तो सरकला तर पित्ताच्या नळीत अडकतो. मग कावीळ होते, ताप भरतो, कधी स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून त्रास देणारे खडे असले की डॉक्टर पिशवीसकट काढायला सांगतात.

पिशवी काढली की पित्त संपतं का, असं आम्हालाही वाटायचं. तसं नाही. पित्त तयार होतं ते यकृतात. पित्ताशय ही फक्त ते साठवायची पिशवी. पिशवी गेली की पित्त थेंब थेंब सरळ आतड्यात उतरतं आणि अन्न पचत राहतं. जेवणाची पिशवी, म्हणजे जठर, जशीच्या तशी असते. म्हणजे थोरलीच्या पोटातली एक खराब झालेली वस्तू काढली आणि बाकीचं घर होतं तसंच राहिलं.

धाकटीचं तसं नव्हतं. उंची पाच फूट आणि वजन 98 किलो. त्यात मधुमेह, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. चालायचे प्रयत्न केले, भात बंद केला, उपास केले. वजन पाच किलो उतरायचं आणि सहा किलो चढायचं. शेवटी पुण्याच्या भावानं मनावर घेतलं, घरच्यांनी दोन कालवडी विकल्या, आमच्या गटानंही कर्ज दिलं आणि ऑपरेशन झालं. तिच्या जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढला. उरली केळ्याच्या आकाराची एक नळी. आधी जिथे दोन भाकरी आणि भाजी मावायची, तिथे आता कपभर अन्न मावतं. याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा एक प्रकार असतो, बायपास. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न थोडी वाट सोडून पुढे जातं. प्रकार कुठलाही असो, जेवणाची वाटच बदलते आणि ती जन्मभर बदललेली राहते.

हे ऑपरेशन कुणाला करतात, तेही सांगतो, कारण "मलाही करायचंय" म्हणणाऱ्या बाया आम्हाला भेटल्या. उंची आणि वजन यांचा मेळ घालून बीएमआय नावाचा आकडा काढतात. 2022 साली जगभरच्या या विषयातल्या सर्जनांच्या संघटनांनी सांगितलं, की बीएमआय 35 च्या वर असेल तर या ऑपरेशनचा विचार करावा. मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर 30 पासून. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी हे आकडे आणखी खाली धरतात. पाच फूट उंचीच्या बाईचा बीएमआय 35 होतो तो साधारण 81 किलोला. तेव्हा पाच-दहा किलो जास्तीच्या वजनासाठी हे ऑपरेशन नाही.

आता घरात काय झालं ते ऐका. थोरली घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला पाटावरून उठू दिलं नाही. मऊ भात, दुधीची भाजी, तूप बंद, तेल बंद, दूध बंद. चार महिने! धाकटी घरी आली तेव्हा घरातला सूर वेगळा होता. "आक्काचं दुखणं होतं, हिची हौस होती." हे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. आणि खोटं कशाला बोलायचं, बैठकीला आमच्यातल्याही दोघी-तिघी तेच म्हणाल्या. 2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा पेपरात मोठी चर्चा झाली होती. त्या वेळेपासून हे मोठ्या लोकांचं, बारीक व्हायचं ऑपरेशन, असं डोक्यात बसलेलं. पण धाकटीचा मधुमेह हा आजारच होता आणि तिचे गुडघे हौसेनं दुखत नव्हते.

सासूबाईंचं थोरलीबाबत चुकलं, त्याला कारण होतं. त्यांच्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी पोट उघडून झालं होतं. बरगडीखाली वीतभर चिरा, आठवडाभर दवाखाना, दोन महिने घरात पडून. तेव्हाचा तो सल्ला त्या वेळी बरोबरच होता. पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन 1882 साली जर्मनीत झालं आणि त्यानंतर शंभर वर्षं ते तसंच, पोट उघडून व्हायचं. 1985 साली जर्मनीतच पहिल्यांदा ते दुर्बिणीतून केलं. आपल्या देशात ते पहिल्यांदा झालं 1990 साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्या हातून. धनिकांच्या दवाखान्यात न होता ते सरकारी रुग्णालयात झालं, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. चिरा लहान झाला तसा आरामाचा काळही कमी झाला. आजीच्या वेळचं पथ्य मात्र आपण अजून तेवढंच धरून बसलोय.

आता दोघींच्या बऱ्या होण्याचा हिशोब शेजारी शेजारी मांडतो. आपण कर्जाचं खातं लिहितो ना, एका बाजूला एकीचं, दुसऱ्या बाजूला दुसरीचं, तसंच.

पहिले दोन-तीन दिवस दोघींचे सारखे. दुर्बीण घालण्याआधी पोटात वायू भरून ते फुगवतात. तो थोडा आत राहतो, म्हणून खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो, म्हणून घाबरू नका, तो दोन-तीन दिवसांत जातो. दोघींनाही त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून थोडं थोडं चालणं हे औषधच समजा. थोरली दुसऱ्या दिवशी घरी आली, धाकटी तिसऱ्या.

पहिला आठवडा. थोरलीला पातळ वरण-भात, मुगाची खिचडी, इडली, थोडं ताक चाललं. तळलेलं आणि तेलाचा तवंग तेवढा टाळायचा. धाकटीला फक्त पाणी आणि पातळ पदार्थ, तेही घोट घोट. औषधाच्या बाटलीवर ते लहान टोपण असतं ना, तेवढं एका वेळी. वरणाचं गाळलेलं पाणी, ताकाची निवळ, साय काढलेलं दूध. दिवसभर हातात पेला धरून बसायचं. एकदम घटाघटा प्यायली की छातीत दाटून यायचं आणि उलटी व्हायची.

दुसरा आठवडा. थोरली स्वयंपाकघरात आली, भाजी निवडायला बसली, पोळ्या लाटल्या. धाकटी अजून पातळावरच. तिला जाड काही द्यायचं नाही, कारण जठर आतून कापून शिवलेलं असतं. बाहेरचे टाके वाळले तरी आतले भरायला वेळ लागतो. आम्ही इथे काय केलं? अशक्त दिसते म्हणून तिला भेटायला जाताना बाळंतिणीला नेतो तसे डिंकाचे लाडू घेऊन गेलो. आणि "एवढासा खा गं" म्हणून आग्रह केला. तिनं आमचं मन मोडायचं नाही म्हणून अर्धा लाडू खाल्ला आणि रात्रभर उलट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. थोडक्यात निभावलं. मैत्रिणींनो, आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यायचं हे आपण आपल्या मायेनं ठरवतो. या ऑपरेशनात ते डॉक्टरांच्या कागदावर बघून ठरवायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत. थोरलीचं जेवण हळूहळू नेहमीचं व्हायला हवं होतं. बहुतेक बायांचं महिनाभरात होतंही. काहींना पिशवी काढल्यावर तेलकट खाल्लं की जुलाब होतात. अशा वेळी तेल कमी करायचं आणि थोडं थोडं खायचं, बहुधा ते आपोआप थांबतं. जन्मभराचं पथ्य त्यात नाही. सासूबाईंनी चार महिने दूध बंद ठेवलं, त्यानं थोरलीला फायदा काही झाला नाही, फक्त चेहरा उतरला. धाकटीचा क्रम वेगळा. आधी पेज, मऊ शिजवून घोटलेलं वरण, मग कुस्करलेलं अंडं, मऊ पनीर, आणि सहा आठवड्यांनंतर सगळ्यांसारखं अन्न, पण दोन-चार घास आणि प्रत्येक घास पाण्यासारखा होईपर्यंत चावून. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही.

वजन उचलायच्या बाबतीत मात्र दोघींना नियम सारखाच. पाण्याची कळशी, दुधाचा कॅन, चाऱ्याचा भारा, खताची गोणी, चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. भोकं लहान असली तरी तिथून आतडं बाहेर येऊन हर्निया होऊ शकतो. पुन्हा भारा कधी उचलायचा, हे तपासायला गेल्यावर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. "हलकी कामं करा" असं ते म्हणतात, पण आपल्या घरी हलकं काम कशाला म्हणतात ते त्यांना कुठे ठाऊक? आमच्याकडे दोन गायींची धार काढणं हलक्यातच धरतात.

सहा आठवड्यांनी थोरलीचं खातं मिटलं. ती कांद्याच्या खुरपणीला जायला लागली. धाकटीचं खातं तेव्हा उघडलं होतं कुठे? तिसऱ्या महिन्यात तिचे केस मूठमूठ गळायला लागले. वजन झपाट्यानं उतरताना तसं होतं आणि पोषण नीट असेल तर काही महिन्यांनी परत येतात. पण ते कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरून जाते. अंगात बळ राहावं म्हणून तिला दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8 ग्रॅम. आता हिशोब करा, कपभर पोटात हे बसवायचं कसं? म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा, आणि पहिला घास प्रथिनांचा. तिच्या घरी दोन गायी दुभत्या, पण दूध झाडून सगळं डेअरीला जायचं. तिच्यासाठी अर्धा लिटर मागे ठेवायचं, हे सांगायला आम्हाला तिच्या घरी दोनदा जावं लागलं.

शिवाय गोळ्या. बी-बारा, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. जठर कमी झालं की ही सत्त्वं अंगी लागत नाहीत, त्यामुळे गोळ्या जन्मभर. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्त तपासायचं, पुढे दरवर्षी. मधुमेहाच्या गोळ्यांचं तर फार जपायचं. ऑपरेशननंतर साखर भराभर खाली येते. जुन्याच मापानं गोळी घेतली तर साखर एकदम उतरून बाई कोसळते. आणि पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या सवयीची. अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची. या ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, त्या गोळ्यांनी आत जखम होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच वेदनेची गोळी नको. मिश्री आणि तंबाखूही नको. मिश्री सोडताना धाकटी रडली, पण तिनं सोडली.

आणखी एक, तरुण बायांसाठी. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण पहिले बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत, कारण आईच्याच पोटात पुरेसं जात नाही, बाळाला कुठून मिळणार? पाळणा लांबवायला काय वापरायचं ते आधीच विचारून घ्या. बायपास झालेल्या बाईनं तर नुसत्या गोळ्यांवर विसंबून राहू नये.

आता आमची चूक. मार्चअखेर होती. बँकेचा हप्ता डोक्यावर, गटात शिल्लक थोडी. बैठकीत धाकटी उठली आणि म्हणाली, "मला दोन हजार हवेत, गोळ्या संपल्यात." आम्ही तिच्याकडे बघितलं. वजन वीस किलोनं उतरलेलं, चालणं हलकं झालेलं, टाक्यांच्या खुणाही पुसट. कुणीतरी म्हणालं, "आता कसल्या गोळ्या? बरी तर झालीस. आक्का बघ, दोन महिन्यांत खुरपायला लागली, तिला आहे का एक तरी गोळी?" आणि आम्ही ते कर्ज नाकारलं. त्याच बैठकीत एकीच्या मुलाच्या साखरपुड्याला पाच हजार दिले. वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत. आज ते पान उघडलं की बघवत नाही.

त्या गोळ्यांमध्ये एक गोळी पित्त पातळ ठेवणारी होती. डॉक्टरांनी ती सहा महिने सांगितली होती, तिची दोन महिन्यांत बंद पडली. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगतो. वजन फार झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. अंगातली चरबी वितळते, पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, आणि खाणं कमी झाल्यामुळे पिशवी नीट रिकामी होत नाही. साचलेल्या पित्ताचे खडे बनतात. म्हणून तर ती गोळी देतात.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, धाकटीच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. घरच्यांना वाटलं ऑपरेशनचंच काही असेल, पोट आखडलं असेल. ओळखलं कुणी? थोरलीनं. ती म्हणाली, "कळ पाठीत जाते का? खांद्याकडे जाते का? मळमळतं का? मग हे माझंच दुखणं आहे." तिनं सासूबाईंचं काही ऐकलं नाही, दिराला गाडी काढायला लावली. सोनोग्राफीत खडे निघाले. पाच महिन्यांत धाकटीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं, या वेळी पित्ताशयासाठी.

गोळी चालू असती तर खडे झालेच नसते, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. गोळीनं शक्यता कमी होते, एवढंच ते म्हणाले. पण ती कमी करणं दोन हजार रुपयांत आमच्या हातात होतं आणि आम्ही ते केलं नाही. धाकटी आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता धाकटीच्या पोटावर दोन्ही ऑपरेशनांच्या खुणा आहेत. ती सांगते, "पित्ताशयाचं मी महिनाभरात विसरले. पहिल्याचं मात्र रोज सकाळी गोळीच्या डबीपाशी आठवतं." यापेक्षा नेमकं आम्हाला सांगता येणार नाही. तिचा मधुमेह आज आटोक्यात आहे, गुडघ्यांवर ती जिना चढते. ऑपरेशनचा तिला पस्तावा नाही. एकटं पडल्याचं दुःख मात्र आहे, आणि ते दुःख आमच्यामुळे झालं.

त्या पावसाळ्यात आम्ही गटात ठराव केला. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते आपण बैठकीत म्हणतो आणि पुढे जातो. आता तसं नाही. सभासदाचं ऑपरेशन झालं, की गटातल्या दोघी दवाखान्याचा सुटीचा कागद तिच्यासोबत बसून वाचतात. त्यात चार गोष्टी बघतात. आत काय काढलं किंवा काय बदललं? काय खायचं आणि किती दिवस? कुठली गोळी आणि ती कधी बंद करायची? पुन्हा दाखवायला कधी जायचं? कागदावर नसेल तर फोन करून विचारतात. औषधाचं कर्ज कागदावरच्या तारखेपर्यंत चालू राहतं, बाई कशी दिसते यावर ते ठरत नाही. पहिलं कर्ज आम्ही धाकटीलाच दिलं. ते तिनं हप्त्यानं फेडलंही.

खर्चाचंही सांगून ठेवतो. कुठलंही ऑपरेशन ठरलं की सोनं मोडायच्या, जनावर विकायच्या आधी महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, ते विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि कुठलं ऑपरेशन बसतं, कुठलं नाही, हे दाखल होण्याआधी विचारा.

शेवटी धोक्याच्या खुणा. हे नीट ऐका, घरातल्या माणसांनाही ऐकवा. दोन्ही ऑपरेशनांनंतर थंडी वाजून ताप आला, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, जखमेतून पू आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट झालं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. वजनाच्या ऑपरेशननंतर आणखी दोन. पहिल्या दिवसांत बसल्या जागी छाती धडधडत राहिली, नाडी पळत राहिली, तर आतला टाका गळत असू शकतो. आणि उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर लिंबूपाणी देत बसू नका. त्यात ब जीवनसत्त्व संपून बाईला चक्कर येते, चालताना तोल जातो, ती असंबद्ध बोलायला लागते. वेळेत औषध मिळालं नाही तर ते कायमचं राहतं. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

आता एवढंच मागणं. तुमच्या वस्तीवर, तुमच्या गटात कुणी ऑपरेशन होऊन आली असेल, तर तिला दुसरीच्या मापानं मोजू नका. "ती उठली, तू का नाही उठलीस?" असं म्हणायच्या आधी तिला विचारा, "तुझ्या कागदावर काय लिहिलंय?" वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्याला पैसे पडत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

आमच्या त्या दोघी जावा आज हे ऐकतायत. थोरलीनं निरोप दिलाय, धाकटीसाठी अर्धा लिटर दूध रोज ती स्वतः बाजूला काढते, डेअरीचं माप नंतर. चला, गायी हंबरायला लागल्या. पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.